फुलीतला पुढचा दोर

कबड्डीच्या मॅटवर गुडघ्याचा बंध तुटतो तेव्हा पुष्कळदा त्या खेळाडूला कुणी हातही लावलेला नसतो. चढाईपटू आत शिरतो, बोनस रेषेपलीकडे पाय टाकतो आणि कोपऱ्यातला रक्षक झेपावतोय हे दिसताच जागच्या जागी वळतो. पाऊल मॅटला घट्ट चिकटलेलं असतं, गुडघा थोडासाच वाकलेला आणि आत कललेला, आणि अंग मात्र परतीच्या दिशेनं निघालेलं. तेवढ्यात गुडघ्याच्या आतून 'टक्' असा आवाज येतो. खेळाडूला तो नेमका कळतो. कधी कधी शेजारच्यालाही ऐकू जातो.

पुढचा क्रम आपल्याकडे ठरलेला आहे. दोन-तीन तासांत गुडघा नारळाएवढा सुजतो. कुणी बाम चोळतं, कुणी आंबेहळदीचा लेप लावतं, कुणी क्रेप बँडेज गुंडाळून "मुरगळलाय, बसेल आठ दिवसांत" असा धीर देतं. एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसतं. आणि खरोखरच पंधरा दिवसांत सूज उतरते, माणूस चालूफिरू लागतो. मग महिन्याभरानं जिना उतरताना किंवा रस्त्यात कुणी हाक मारली म्हणून झटकन मागे वळताना तोच गुडघा दगा देतो. डॉक्टरांसमोर बसून हे सांगताना पेशंट एक मूठ दुसऱ्या मुठीवर ठेवतो, वरची मूठ सरकवून दाखवतो आणि म्हणतो, "निसटतो."

या निसटण्यावर सव्वाशेहून अधिक वर्षं शस्त्रक्रिया होत आल्या आहेत. एवढ्या काळात सर्जनांनी एखादी पद्धत टाकून द्यावी आणि पुढच्या पिढीनं तीच वेगळ्या रूपात पुन्हा हाती घ्यावी, असं निदान तीनदा घडलं आहे. शस्त्रक्रियेच्या इतिहासातला हा भाग मला फार मोलाचा वाटतो, कारण ज्या गोष्टीला सगळे दोर समजत होते ती साधा दोर नाही, हे इथे हळूहळू उलगडत गेलं.

आधी तो बंध पाहू. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्या मधोमध, सांध्याच्या अगदी गाभ्यात, दोन जाड पट्टे एकमेकांना छेदून जातात. समोरून पाहिलं तर फुली दिसते. रोमन काळातला वैद्य गेलन यानं या फुलीची नोंद करून ठेवली होती. पुढच्या पट्ट्याला आज जगभर एसीएल म्हणतात. लांबी साधारण तीन सेंटिमीटर, जाडी करंगळीएवढी. नडगी पुढे सरकू न देणं आणि आतल्या बाजूला जास्त फिरू न देणं ही त्याची दोन मुख्य कामं. तरुण माणसाचा ताजा बंध यंत्रात ताणून पाहिला, तेव्हा तो तुटायला सव्वादोन हजार न्यूटनच्या आसपास जोर लागला. म्हणजे दोन क्विंटलांहून जास्त वजन एवढ्याशा धाग्याला टांगल्यासारखं झालं. शिवाय त्या बंधात मज्जातंतूंची टोकं असतात. गुडघा कुठे आहे, किती वाकलाय, किती ताण आलाय, याची खबर ती मेंदूला देत असतात. बंध तुटला की आधार जातो आणि खबरही जाते. ही दुसरी गोष्ट शस्त्रक्रियेच्या जगाला फार उशिरा गंभीरपणे घ्यावीशी वाटली.

तो तुटलाय हे ओळखायला यंत्र लागतंच असं नाही. पेशंटला पाठीवर झोपवायचं, गुडघा वीस-तीस अंश वाकवायचा, एका हातानं मांडी स्थिर धरायची आणि दुसऱ्या हातानं नडगी पुढे ओढायची. धडधाकट गुडघ्यात हात एका जागी खटकन अडतो. तुटलेल्या गुडघ्यात तो अडतच नाही, ओढ मऊ लागते आणि नडगी हाताबरोबर पुढे येते. लॅकमन चाचणी ती हीच. फिलाडेल्फियाचे अस्थिशल्यविशारद जॉन लॅकमन ती शिकवत असत, आणि त्यांचे शिष्य जोसेफ टॉर्ग यांनी १९७६ मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. अनुभवी हाताला ती जे सांगते, त्यावर एमआरआय बहुतेक वेळा फक्त शिक्का मारतो. मुरगळलेल्या गुडघ्याला महिनोन्‌महिने मालिश करत बसणाऱ्यांना एवढी दोन मिनिटांची तपासणी वेळेवर मिळाली, तर किती गुडघे वाचतील, असं मला नेहमी वाटतं. कारण निसटणारा गुडघा दर निसटण्यागणिक दोन हाडांमधल्या गाद्या चिरत जातो, आणि फाटलेल्या गादीची भरपाई कुठल्याच शस्त्रक्रियेनं पुरती होत नाही.

पहिला उपाय शिवणकामाचा होता. १८९५ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स शहरात मेयो रॉबसन यांनी एका ४१ वर्षांच्या खाणकामगाराचा गुडघा उघडला. फुलीतले दोन्ही बंध मांडीच्या हाडापासून सुटले होते. त्यांनी ते आतड्याच्या दोऱ्यानं जागच्या जागी शिवले. सहा वर्षांनी तो माणूस कामावर होता आणि लंगडत नव्हता. तुटलं तर शिवावं, यात कुणाला वावगं वाटावं असं काही नव्हतं. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं ही कल्पना टिकली.

तिला धक्का बसला तो अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत. जॉन फीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या कॅडेटांचे तुटलेले बंध शिवले होते. सुरुवातीला निकाल चांगले दिसले. पण फीगन तेवढ्यावर थांबले नाहीत. पाच वर्षांनी त्यांनी त्याच मुलांना पुन्हा तपासलं, आणि बहुतेकांचे गुडघे पुन्हा डळमळीत झालेले आढळले. १९७६ मध्ये त्यांनी ते जसंच्या तसं छापलं. स्वतःच्या हातांनी केलेल्या शस्त्रक्रिया टिकल्या नाहीत हे जगाला सांगायला मोठं मन लागतं. त्या एका लेखानं शिवणकामाचं युग संपवलं.

शिवलेला बंध का जुळत नाही, याचं कारण जागेत आहे. गुडघ्याच्या आतल्या कडेला एक बंध असतो, तो फाटला तर नुसत्या पट्ट्यानं आणि विश्रांतीनं बहुधा भरून येतो. तिथे रक्ताची गाठ जमते, तिच्यातून नवे तंतू विणले जातात. एसीएल मात्र सांध्याच्या पोकळीत, वंगणासारख्या पातळ द्रवात बुडालेला असतो. तो द्रव रक्ताची गाठ टिकूच देत नाही. तुटलेली दोन टोकं समोरासमोर असतात, पण मधे पूल बांधायला काही उरत नाही.

मग दुसरी वाट धरली गेली. जुना बंध काढून शरीरातलीच दुसरी कंडरा त्या जागी बसवायची. ही कल्पनाही नवी नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, ब्रिस्टलचे अर्नेस्ट हे ग्रोव्हज यांनी मांडीच्या बाहेरच्या पट्ट्याची एक चीर हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून ओवली होती. ती कल्पना पुढची अनेक दशकं जवळजवळ अडगळीत पडली. १९६३ मध्ये केनेथ जोन्स यांनी गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेचा मधला तिसरा हिस्सा वापरला. पुढे त्या कंडरेला दोन्ही टोकांना हाडाचा एकेक तुकडा ठेवून ती पूर्ण सोडवून घेण्याची पद्धत रुजली, आणि पुष्कळ काळ तीच प्रमाण मानली गेली.

मधल्या काळात कृत्रिम बंधांचाही मोह झाला. कार्बनचे तंतू, डॅक्रॉनची वेणी. दुसरी कंडरा कापायला नको, लगेच मजबुती, लवकर खेळात परत. १९८० मध्ये डेव्हिड डँडी यांनी इंग्लंडमध्ये दुर्बिणीतून पहिल्यांदा हा बंध बसवला, तोही कार्बन तंतूंचाच होता. काही वर्षांत हे धागे झिजले, तुटले, त्यांचा चुरा सांध्यात पसरून गुडघे सुजू लागले. मेलेला धागा रोज हजारो वेळा वाकला की कधीतरी तुटणारच, स्वतःला सांधणं त्याला येत नाही. दुर्बीण मात्र टिकली. तिची मुळं १९१८ च्या टोकियोत आहेत, जिथे केंजी ताकागी यांनी मूत्राशय पाहायची नळी एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली होती. तिच्यामुळे वीतभर लांब छेद जाऊन दोन-तीन छोटी भोकं उरली.

आज आपल्याकडच्या ऑपरेशन थिएटरात सगळ्यात जास्त दिसतात मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगच्या कंडरा. मी ही शस्त्रक्रिया उभं राहून पाहिली आहे, आणि पडद्यावरच्या गुडघ्यापेक्षा माझे डोळे बाजूच्या टेबलावर खिळले होते. नडगीच्या वरच्या भागात तीन सेंटिमीटरचा छेद, त्यातून हुकासारख्या हत्यारानं बाहेर ओढलेली कंडरा, तिच्यावर सरकत मांडीत वरपर्यंत गेलेली पोकळ नळी, आणि हाताच्या एका दाबासरशी सुटून आलेली वीतभराहून लांब, पांढरी, ओली, चकचकीत दोरी. सहायक डॉक्टर पात्याच्या बोथट कडेनं तिच्यावरचं लाल मांस खरवडून काढतात. मग तिला दुमडतात, टोकांना जाड दोऱ्यानं आडवेतिडवे टाके घालतात, लाकडी पट्टीसारख्या एका फळीवर ताणून ठेवतात. भोकं पाडलेल्या मापकातून ओढून जाडी बघतात. साडेसात मिलिमीटरला बसत नाही, आठला बसतं. मग व्हँकोमायसिन या प्रतिजैविकात भिजवलेल्या कापडात तिला गुंडाळतात. ही भिजवायची रीत ऑस्ट्रेलियातून आली आणि तिच्यामुळे सांध्यात पू होण्याचं प्रमाण खूपच खाली आलं. इतकी साधी गोष्ट, आणि तिनं किती जणांना पुढच्या दुखण्यातून वाचवलं आहे.

ही दोरी हाडात घट्ट बसवली तरी ती अजून बंध झालेली नसते. कोकणात आंब्याचं कलम बांधणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. कलम बांधणं एका सकाळचं काम असतं, कलम धरणं ऋतूवर असतं. गुडघ्यातलं कलमही आधी मरतं. त्यातल्या पेशी जातात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी वस्ती करतात आणि तंतू नव्यानं मांडले जातात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला ते सगळ्यात कच्चं असतं. नेमका त्याच वेळी पेशंटचा गुडघा दुखायचा थांबतो आणि त्याला आपण बरे झालो असं वाटू लागतं. या विसंगतीनं किती कलमं तुटली असतील.

कलम बांधण्याचं तंत्र हाती आल्यावर सर्जनांचं लक्ष ते कुठे बांधायचं याकडे वळलं. दुर्बिणीच्या सुरुवातीच्या काळात दोन्ही हाडांतला बोगदा एका रेषेत पाडणं सोपं जाई, त्यामुळे नवा बंध फार उभा बसत असे. नडगी पुढे सरकायची थांबे, पण फिरायची थांबत नसे. पिट्सबर्गचे फ्रेडी फू यांनी हा मुद्दा लावून धरला. मूळ बंध जिथे होता त्या ठशावरच नवा बसला पाहिजे, असं ते सांगत राहिले. मूळ बंधात दोन जुडगे असतात म्हणून दोन कलमं आणि चार बोगदे, असाही प्रयोग झाला. तो फारसा रुजला नाही, कारण एवढा खटाटोप करूनही रोजच्या वापरातला गुडघा ठळकपणे चांगला झालेला दिसेना. जागेचा धडा मात्र सगळ्यांनी घेतला.

तरीही कोवळ्या वयातल्या खेळाडूंचे बंध पुन्हा तुटतच होते. मग नजर गुडघ्याच्या बाहेरच्या कडेला गेली. २०१३ मध्ये बेल्जियममधल्या ल्युव्हेनच्या संशोधकांनी ४१ गुडघ्यांचं विच्छेदन केलं आणि एक सोडून सगळ्यांत बाहेरच्या-पुढच्या बाजूला एक वेगळा बंध दाखवला. वर्तमानपत्रांनी 'शरीरात नवा अवयव सापडला' अशा थाटात बातम्या दिल्या. पण पॅरिसच्या पॉल सेगाँ यांनी १८७९ मध्येच तिथल्या मोत्यासारख्या चमकदार, चिवट पट्ट्याचं वर्णन करून ठेवलं होतं. आणि फ्रान्सच्याच मार्सेल लमेर यांनी १९६७ मध्ये बाहेरच्या कडेला एक पट्टी बांधून गुडघ्याचं फिरणं रोखायची रीत मांडली होती. नव्वदच्या दशकात ती जुनाट म्हणून बहुतेकांनी सोडली होती. आता तिची पुन्हा आठवण झाली, आणि या वेळी तिची नीट परीक्षा घेतली गेली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः कॅनडात झालेल्या 'स्टॅबिलिटी' अभ्यासात २५ वर्षांपर्यंतचे ६१८ तरुण रुग्ण होते. निम्म्यांना नुसतं हॅमस्ट्रिंगचं कलम बसवलं, निम्म्यांना त्याच्या जोडीला बाहेरची पट्टीही बांधली. दोन वर्षांत पहिल्या गटात ११ टक्के कलमं तुटली, दुसऱ्या गटात ४ टक्के. वीस वर्षांच्या कबड्डीपटूला किंवा कुस्तीगिराला याचा थेट उपयोग आहे. आखाड्यात ज्याचा पाय वळतो, त्याच्या गुडघ्याला एकट्या दोराचा भरवसा पुरत नाही.

याच काळात एक मूलभूत प्रश्नही विचारला गेला. शस्त्रक्रिया प्रत्येकाला हवीच का? स्वीडनमधल्या लुंडच्या संशोधकांनी १२१ तरुण, हौशी खेळाडू घेतले. काहींवर लगेच शस्त्रक्रिया झाली. बाकीच्यांना आधी नेटानं व्यायाम, आणि गुडघा निसटतच राहिला तर नंतर शस्त्रक्रिया. पाच वर्षांनी दोन्ही गटांत दुखणं, वापर, एक्स-रेवरची झीज यांत लक्षणीय फरक नव्हता, आणि दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना शस्त्रक्रिया करावी लागलेलीच नव्हती. म्हणून ऑपरेशन नकोच, असा अर्थ काढणं घाईचं होईल. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये ३१६ जणांचा अभ्यास झाला. त्यांची दुखापत जुनी होती आणि गुडघा निसटत होता. तिथे शस्त्रक्रियेचं पारडं जड ठरलं. दोन्ही निकाल एकत्र वाचले की एक व्यवहारी वाट दिसते. ताज्या दुखापतीत, गादी शाबूत असेल आणि धंदा खेळाचा नसेल, तर तीन महिने मनापासून व्यायाम करून गुडघा काय म्हणतो ते पाहावं. पण जो निसटतच राहतो त्याला वर्षानुवर्षं कुरवाळत बसू नये. आपल्याकडे नेमकं उलटं घडताना दिसतं. कुणी दुसऱ्याच आठवड्यात टेबलावर जातो, कुणी दोन वर्षं गुडघ्याची टोपी घालून मोटारसायकल चालवतो आणि गाद्या गमावून येतो.

त्या स्वीडिश अभ्यासातून आणखी एक आश्चर्य निघालं. व्यायामावरच थांबलेल्या ३० जणांचे एमआरआय पुन्हा पाहिले, तर १६ जणांचा बंध दोन वर्षांनी जुळल्यासारखा दिसत होता. जो बंध कधीच भरून येत नाही असं पाठ्यपुस्तकं सांगत होती, तो निदान काहींच्या बाबतीत भरून येत होता. सिडनीतल्या एका गटानं मग ताज्या दुखापतीत गुडघा चार आठवडे काटकोनात वाकवून पट्ट्यात ठेवला, म्हणजे तुटलेली टोकं जवळ राहतील, आणि पुढे तो हळूहळू मोकळा केला. ८० जणांपैकी ९० टक्के जणांत तीन महिन्यांनी जुळणीच्या खुणा दिसल्या. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे घाईनं उड्या मारायचं कारण नाही. पण मेयो रॉबसनच्या कल्पनेचा हा पुनर्जन्म आहे. बॉस्टनच्या मार्था मरे यांनीही तोच धागा उचलला आहे. गायीच्या कोलॅजेनचा स्पंजासारखा ठोकळा रुग्णाच्याच रक्तात भिजवून तुटलेल्या टोकांच्या मधे ठेवायचा, म्हणजे सांध्यातला द्रव ज्या रक्ताच्या गाठीला टिकू देत नाही, तिला आसरा मिळतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डिसेंबर २०२० मध्ये त्याला परवानगी दिली.

कलम कुठलं घ्यावं, हा प्रश्न आपल्या घरांत वेगळ्या तऱ्हेनं उभा राहतो. वाटीखालची कंडरा मजबूत, पण ती घेतल्यावर गुडघे टेकताना दुखतं. नमाज पढणारा, लादी बसवणारा, जमिनीवर बसून काम करणारा माणूस हे रोज भोगतो. हॅमस्ट्रिंग घेतली तर पूर्ण वाकलेल्या गुडघ्यातली ताकद थोडी कमी होते, आणि उकिडवं बसणाऱ्याला, कुस्तीत गुडघा दुमडणाऱ्याला ते जाणवतं. म्हणून भारतात आणि आग्नेय आशियात घोट्याच्या बाहेरून जाणारी पेरोनियस लाँगस ही कंडरा पुढे आली आहे. ती लांब आणि जाड मिळते, गुडघ्याभोवतीचं काही कापावं लागत नाही. परदेशातलं कोष्टक आपल्यापुढे जसंच्या तसं ठेवणाऱ्या सर्जनला पेशंटनं निःसंकोच विचारावं: मी मांडी घालून बसतो, माझ्या घरी भारतीय शौचालय आहे, माझ्यासाठी कुठलं?

सगळ्यात मोठा बदल मात्र थिएटराबाहेर झाला. पूर्वी सहा-सहा आठवडे पाय प्लॅस्टरमध्ये असायचा आणि गुडघा आखडून जायचा. इंडियानापोलिसच्या डोनाल्ड शेलबोर्न यांच्या लक्षात आलं की त्यांचं न ऐकता लवकर चालायला लागलेले पेशंटच जास्त चांगले होते. १९९० मध्ये त्यांनी लवकर हालचाल, लवकर पूर्ण सरळ गुडघा, लवकर भार असा कार्यक्रम मांडला. मग घड्याळ उलट दिशेला फार धावलं, सहा महिन्यांत मैदानात ही फॅशन झाली, आणि कलमं तुटू लागली. नॉर्वेतल्या २०१६ च्या अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितके महिने लांबवला, त्या दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण निम्म्यानं घटलं. कुस्तीगीर विनेश फोगाटच्या गुडघ्यावर मुंबईत १७ ऑगस्ट २०२३ ला शस्त्रक्रिया झाली. ६ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या मॅटवर तिनं एका दिवसात तीन लढती जिंकल्या. मधले ते व्यायामाचे महिने आपण कुणी पाहिले नाहीत, आणि सगळी किमया त्यांचीच आहे.

मुलींच्या बाबतीत हे महिने आणखी जपावे लागतात. सारख्याच खेळात त्यांचा हा बंध मुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळा तुटतो. उडीवरून उतरताना गुडघा आत झुकण्याची लकब हे त्याचं एक मोठं कारण, आणि ती लकब सरावानं बदलता येते. एका फिजिओच्या खोलीत मी खो-खो खेळणारी एक मुलगी पाहिली होती. शस्त्रक्रियेला आठ महिने झाले होते. जमिनीवर मोजपट्टी चिकटवलेली होती. चांगल्या पायावर ती १४१ सेंटिमीटर उडाली. ऑपरेशनच्या पायावर पहिली उडी १०९, दुसरी ११६, तिसरीला ती उतरताच डगमगली आणि भिंतीला हात टेकला. "ताई, पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे," ती म्हणाली. ताईंनी काही न बोलता तिचा गुडघा दोन्ही हातांत धरून पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आणला, आणि म्हणाल्या, "चल, आता इथे बघून उतर. चौथी."